पानवाले सर

पानवाले सरांबरोबर मंडईत जायचे असेल तर आपली पिशवी वेगळी ठेवावी आणि पुढची कामे आधीच उरकून घ्यावीत. एरवी माणूस सालस. भाव करत नाहीत, सुटे पैसे जवळ बाळगतात, वांगी दाबून बघत नाहीत. पण पपई, शेवगा आणि मोहरी एका वाक्यात आणल्याशिवाय त्यांचा पाय पुढच्या गाळ्याकडे वळत नाही. "ही तिन्ही एकाच गणातली," पपईच्या ढिगावर हात ठेवून ते सांगू लागतात. "त्यातही पपई आणि शेवगा म्हणजे अगदी जवळची भावंडं. पटत नसेल तर पपईची बी चावून बघा, मोहरीसारखी झणझणते." मग घोळूची जुडी उचलायची आणि ती फड्या निवडुंगाची नातलग कशी, हे जुडीवरचे पाणी निथळेपर्यंत सांगायचे. एकदा गाळ्यावरच्या मावशींनी शांतपणे जुडी त्यांच्या हातातून काढून घेतली. "दादा, घ्यायचीय का नुसती सोयरीक जुळवताय?"

सरांचे खरे आडनाव वेगळे आहे, ते आता पगारपत्रकापुरते उरले आहे. 'पानवाले सायेब' हे नाव भीमाशंकरच्या डोंगरात पडले, आणि पुण्यात येताना त्याचे 'पानवाले सर' झाले. सोसायटीच्या नव्या वॉचमनला त्यांची कुठेतरी पानपट्टी असावी असे बरेच दिवस वाटत होते. तसे पाहता तो फार चुकला नव्हता. माणूस दिवसभर पाने पुसतो, पसरतो, मोजतो आणि चिमट्याने उचलून ठेवतो, फक्त खायला देत नाही.

जंगलात गेलेला साधा माणूस झाडाचे नाव विचारतो. सर नाव सांगतात, पण अशा सुरात, की एवढ्यावर समाधान मानणाऱ्याची त्यांना काळजी वाटते. त्यांच्या मते नाव म्हणजे दारावरची पाटी. आतला माणूस करतो काय आणि आला कुठून, हे पाटीवरून कळत नाही. झाडाला विचारायचे प्रश्न दोनच. तू करतोस काय? आणि तू कुणाचा? पहिल्याचे उत्तर पानात, लाकडात, बियांत मोजून मिळते. दुसऱ्याचे डीएनएवरून मांडलेल्या वंशावळीत. ही दोन उत्तरे शेजारी ठेवली की अमुक डोंगरावर अमुकच झाडे एकत्र का नांदतात, हे थोडेफार उलगडते, असा या शास्त्राचा दावा आहे. 'थोडेफार' हा शब्द सरांचा. पाहुण्यांसमोर ते तो वगळतात.

आता पान मोजायचे म्हणजे काय, ते ऐका. पान उन्हातले हवे, सावलीतले चालत नाही. पुरते वाढलेले हवे, पण म्हातारे नको. किड्याने खाल्लेले तर मुळीच नको, आणि सह्याद्रीत पावसाळ्यानंतर न खाल्लेले पान शोधणे हा स्वतंत्र उद्योग आहे. असे पान नेमके झाडाच्या शेंड्याला असते, म्हणून आंबे उतरवायची आकडी घेऊन सर आणि त्यांचे दोन विद्यार्थी माना वर करून उभे. काढलेले पान ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत. पिशवीवर नंबर. मुक्कामी आल्यावर स्कॅनरवर ठेवून त्याचे क्षेत्रफळ घ्यायचे, मग ७० अंशांच्या भट्टीत ७२ तास वाळवून वजन करायचे. क्षेत्रफळाला वजनाने भागायचे. एवढा खटाटोप करून पदरात पडतो एक आकडा, आणि तो आकडा मिळाल्यावर सरांच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते मी त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिले नाही.

आकडा मोठा, म्हणजे पान पातळ आणि स्वस्तातले: भराभर उगवायचे, भराभर कमवायचे, लवकर गळून जायचे. आकडा लहान, म्हणजे पान जाड, चिवट, महागातले: हळूहळू कमवायचे आणि वर्षानुवर्षे टिकायचे. २००४ मध्ये इयन राइट आणि त्यांच्या सोबत्यांनी जगभरातल्या १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींची पाने अशी ताडून पाहिली, तेव्हा वाळवंटापासून वर्षावनापर्यंत सगळी पाने उधळ्या आणि काटकसरी या दोन टोकांच्या मधल्या एकाच पट्ट्यात येऊन बसली. हे सांगताना सरांचा आवाज कीर्तनकारासारखा चढतो. खरे सांगायचे तर मलाही ही गोष्ट चकित करते. जगातल्या झाडांना पाने करण्याच्या हजार तऱ्हा मोकळ्या होत्या. हिशेब मात्र सगळ्यांनी एकाच वहीत मांडला.

घरी याचा त्रास फ्रिजला. भाजीच्या कप्प्यात ओल्या कागदातली पाने असतात, आणि वहिनींनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी नियम केला, की नंबर लावलेल्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही. त्यांची मुलगी लहानपणी तिला 'नंबरची भाजी' म्हणायची. ती कधी शिजत नाही, याचे तिला मोठे समाधान होते.

सरांना खरे पाहावे ते भीमाशंकरच्या डोंगरात, आहुप्याच्या बाजूला. तिथे ते चालत नाहीत, भेटीगाठी घेत हिंडतात. अंजनीच्या खोडावर हात टेकतात, जांभळाला वळसा घालतात, हिरड्यापाशी थांबतात आणि विद्यार्थ्यांना विचारतात, "या तिघांत काय साम्य?" विद्यार्थी वर बघतात, खाली बघतात. अंजनी काळपट हिरवी, फुलली की फांदीभर निळी. जांभूळ सर्वांच्या ओळखीचे. हिरडा तर पानगळीचा. तिघांची कुळे वेगळी, पण गण एकच. "म्हणजे तुम्ही एकाच घराण्याच्या तीन वाड्यांसमोर उभे आहात," असे म्हणून सर टिपणवहीत काहीतरी लिहितात. हे वाक्य ते दर वर्षी म्हणतात. मी दोनदा ऐकले तेव्हाही वहीत काय लिहिले ते दाखवले नाही.

बरोबर वाट दाखवायला एक मामा असतात. सरांकडे खोडातून पेन्सिलीएवढी कांडी काढायचे यंत्र आहे. ती कांडी पाण्यात बुडवून घनफळ काढायचे, वाळवून वजन करायचे, की लाकडाची घनता मिळते. परवानगीचे पत्र प्लॅस्टिकच्या फायलीत छातीशी धरून सर ते यंत्र अंजनीत घुसवायला लागले, की मामा दगडावर बसून तंबाखू मळायला घेतात. "आवं सायेब, त्यात काय बघायचं? अंजनीवर कुऱ्हाड टाकली की कुऱ्हाड मागं येती. पांगाऱ्याला नुसता खिळा दावा, आपसूक आत जातो." अर्ध्या तासाने घामाघूम झालेले सर कांडी बाहेर काढतात. यथावकाश प्रयोगशाळेतून निकाल येतो: अंजनीची घनता पांगाऱ्याच्या दुपटीहून जास्त. पुढच्या खेपेला सर तो मामांना वाचून दाखवतात, आणि मामा अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखे "हां?" म्हणतात. या डोंगरातल्या लोकांची रीतच अशी, आलेल्याचा मान राखायचा.

पण सर पुढे जे सांगतात ते मामांच्या कुऱ्हाडीत नसते. पांगारा, सावर ही हलक्या लाकडाची मंडळी खोडात पाणी साठवतात, म्हणून तर भर उन्हाळ्यात अंगावर एक पान नसताना फुलू शकतात. अंजनीच्या लाकडात पाणी साठवायला जागा नाही; ती जपून खर्च करते आणि पाने धरून बसते. एकच उन्हाळा, तरून जायच्या दोन रीती. हे ऐकल्यावर मामांनी तंबाखू थुंकून पांगाऱ्याकडे एकदा नव्याने पाहिले होते. सरांच्या हयातीतला तो मोठा सन्मान, असे माझे मत आहे. त्यांना मात्र तो दिसला नाही, ते कांडीवर नंबर घालत होते.

पाड्यावर एक आजी अंगणात बाळहिरडा वाळत घालत होत्या. शेजारी सरांच्या विद्यार्थ्यांनी, भट्टी बंद पडल्यामुळे, उन्हात पाने मांडली. आजींनी दोन्ही वाळवणे पाहिली. "माझ्या हिरड्याला यापारी येतो. तुमच्या पाल्याला कोण येतं?" सर म्हणाले, "जर्मनी." हेही खोटे नव्हते. येना शहरातल्या माक्स प्लांक संस्थेत २००७ पासून साऱ्या जगातल्या वनस्पतींची अशी मापे गोळा होतात. कोटीच्या वर नोंदी आहेत. त्यात सरांनी धाडलेले आहुप्याचे आकडे कुठेतरी आहेत. आजींनी भाव विचारला. सर म्हणाले, फुकट देतो. त्यानंतर आजींनी त्यांना चहा दिला तो जरा जास्त साखर घालून, काळजीने.

या माणसाला लग्नाला बोलावणे हा एक धोका आहे. अक्षता पडेपर्यंत ठीक असतात. मग वरच्या गॅलरीत जाऊन कठड्याला टेकतात आणि खाली बघत राहतात. मी एकदा शेजारी उभा होतो. म्हणाले, "बघा, हॉलमध्ये आहेत ते सगळे एकमेकांचे नातलग. का? कारण आत यायला पत्रिका लागते. जंगलातही तसंच. उंची, पाऊस, माती हे ज्यांना मानवतं त्यांनाच आत प्रवेश. आणि मानवण्याची ताकद बऱ्याचदा वारशाने येते, म्हणून आत आलेले नात्याचे निघतात. कॅम वेब यांनी २००० मध्ये बोर्निओच्या वर्षावनातली झाडं अशी तपासली. एकेका तुकड्यातली झाडं योगायोगाने जमतील त्याहून जवळच्या नात्यातली निघाली."

मी म्हटले, बरोबर आहे.

"थांबा. आता टेबलं बघा." मी टेबले पाहिली. नवरदेवाचे थोरले काका खिडकीपाशी, धाकटे काका थेट आइस्क्रीमच्या बाजूला. मध्ये सगळे मंगल कार्यालय. वडिलोपार्जित विहिरीवरून दोघांचे बोलणे बंद, हे गावाला माहीत. "फ्लोरिडातल्या ओकच्या सतरा जाती घ्या. २००४ मध्ये जनीन कॅव्हेंडर-बेअर्स यांनी दाखवलं, की एका जागी नांदणारे ओक जवळच्या नात्यातले नसतात, दूरचे असतात. जवळचे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत." आणि मग हळूच, कुणी ऐकत नाही ना हे बघून, "डार्विनने १८५९ मध्येच लिहून ठेवलंय. गरजा सारख्या, म्हणून झगडा सगळ्यात तीव्र तो जवळच्यांत."

भाऊबंदकी हा विषय मराठी माणसाला डार्विनकडून शिकावा लागत नाही. पण हॉलभर नाती आणि टेबलावर दुरावा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात आणि कोणती दिसेल ते तुम्ही किती उंचावरून बघता यावर ठरते, हे मला त्या गॅलरीतच कळले.

शंका उरली ती योगायोगाची. काका लांब बसले ते ठरवून की जागाच तिथे होती? यावर सरांकडे इलाज आहे. आहेत तीच माणसे, आहेत तीच टेबले. सगळ्यांना उठवायचे आणि चिठ्ठ्या टाकून बसवायचे. पुन्हा उठवायचे, पुन्हा बसवायचे. असे ९९९ वेळा. त्यातल्या बहुतेक वेळा काका याहून जवळ पडले, तर आजचा दुरावा योगायोगाचा नाही. संगणक हे चहा निवेपर्यंत करतो. सर हे वाढप्याला समजावू लागले होते. त्याने फक्त "साहेब, दुसरी पंगत बसतीय" एवढेच म्हणून त्यांना बसवून टाकले. ते जिथे बसले तिथे शेजारी त्यांचा सख्खा भाचा होता. जेवण होईपर्यंत त्यांनी त्याला ओळखले नाही.

सरांचे एक प्रतिस्पर्धी घराणे आहे. त्यांच्याच संस्थेत वरच्या मजल्यावर एक मॅडम आहेत, त्या झाडाला हात लावत नाहीत. पानाचा नखाएवढा तुकडा सिलिका जेलमध्ये टाकतात, त्यातला डीएनए वाचतात आणि वंशावळ मांडतात. त्यांचे म्हणणे असे, की सर मोजून मोजून मोजणार किती? दहा गुण, बारा गुण. मुळे जमिनीत कशी वागतात, कोणती बुरशी सोबत धरतात, ते आकडीने उतरवता येत नाही. नाते घ्या, न मोजलेले सगळे त्यात आपोआप येते. सर यावर निवडुंग पुढे करतात. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला, चीक येतो तो त्यामुळे. शेजारचा फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला, घोळू-राजगिऱ्याच्या गणातला. तहान एक, म्हणून दोघांनीही पाने टाकून मांसल हिरवी खोडे केली. नाते बघत बसाल तर हे सारखेपण हातातून निसटेल. मग मॅडम कमळ काढतात. कमळ दिसायला कुमुदिनीसारखे; पण त्याचा सगोत्र कोण, तर चहा-कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात तो सिल्व्हर ओक! "तुम्ही नुसतं पान मोजून हे ओळखलं असतं का, सर?" इथे वाद संपतो, कारण चहा येतो. दोघेही शोधनिबंध एकत्र लिहितात, आणि कुणाचे नाव आधी यावरून वर्षातून एकदा महिनाभर बोलत नाहीत.

घाणेरी हा दोघांचाही दुखरा विषय. परक्या झाडाला नव्या मुलखात नातलग नसतील तर ते फोफावेल, कारण त्याची जागा आधीच अडवून बसलेले कुणी नसते, हाही डार्विनचाच तर्क. अमेरिकेत रुजलेल्या २६० परक्या वनस्पती १६२ प्रजातींत मोडतात आणि त्यांतल्या शंभर प्रजाती तिथल्या नव्हेतच, असा हिशेब त्याने मांडला होता. घाणेरीला आपल्याकडे जवळचे नातलग फारसे नाहीत, तर्क जमला. गाजरगवताला मात्र सोनकीपासून कितीतरी आहेत, तरी ते कुणाला विचारत नाही, तर्क फसला. शिवाय पूर्वी सागाला घाणेरीच्या कुळात घालत. आता त्याला तिथून काढून तुळशीच्या कुळात बसवले आहे. सरांना यात साग सुटल्याचा जो आनंद आहे, तो शास्त्रीय नाही.

हे सगळे विनोदी वाटत असेल, तर एका रस्त्याच्या बैठकीची गोष्ट सांगतो. घाटातली झाडे जाणार होती आणि जितकी तोडू तितकी लावू, किंबहुना जास्तच लावू, असे आश्वासन होते. लावायच्या यादीत गिरिपुष्प आणि सुबाभूळ. सर उभे राहिले. म्हणाले, दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही मेक्सिकोच्या बाजूची, दोन्ही झटपट वाढणारी. जाणाऱ्या यादीत अंजनी आहे, पिसा आहे, जांभूळ आहे. यांचे वंश एकमेकांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेले. डॅन फेथ यांनी १९९२ मध्ये सुचवले, की वाचवायचे काय ते जातींच्या संख्येवर ठरवू नका, वंशावळीच्या फांद्यांची लांबी मोजा. एक फांदी गेली तर तिच्यावरचा सगळा काळ जातो. केरळातल्या सह्याद्रीत २००३ मध्ये जगापुढे आलेला जांभळा बेडूक घ्या. त्याचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर, मध्ये अख्खा समुद्र. त्याच्या बदल्यात डबक्यातले दहा बेडूक देऊ, असे म्हणता येईल का?

सभागृह शांत होते. टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. "सर, तुमचं पटतंय. पण यात 'संख्या' एवढाच रकाना आहे." शेवटी 'शेरा' या रकान्यात, इंचभर जागेत, सरांनी बारीक अक्षरात वंशावळ काढायला घेतली. ती कागदाच्या कडेपर्यंत गेली आणि पिसा बाहेर राहिला.

मागच्या मार्गशीर्षात त्यांच्या मुलीने आपल्या पसंतीचा मुलगा घरी आणला. 'नंबरची भाजी' म्हणणारी ती मुलगी आता बंगळुरूला असते. सरांच्या आत्या खास नाशिकहून आल्या होत्या. मुलगा समोर पोहे खात असताना आत्यांनी घराणे, मूळ गाव, कूळ, मामेकूळ अशी चौकशी आरंभली. मला वाटले, आता सर रंगात येणार. प्रश्न त्यांच्याच खात्यातला होता. सर मात्र एकदम उखडले.

"आत्या, कुळावरून काय कळतं? माणूस काय करतो ते बघा."

"अरे, तू जन्मभर दुसरं काय करत आलास? झाडाचंसुद्धा कूळ सोडत नाहीस."

"झाडाचंसुद्धा कूळ नुसतं बघून चालत नाही. कुळात गुण उतरतात का, ते गुणागणिक तपासावं लागतं. त्याचा के नावाचा आकडा आहे, २००३ चा, ब्लोमबर्ग यांचा. नातं जवळचं तितकं साम्य असेल तर तो एकच्या आसपास येतो. नात्याचा काही पत्ताच लागत नसेल तर शून्याकडे जातो. आधी के काढायचा, मग कुळाबद्दल बोलायचं."

आत्यांनी चष्मा पुसला, मुलाकडे पाहिले, मग सरांकडे.

"बरं, काढ. याच्या घरातली किती माणसं लागतील?"

सरांनी खिशातून पेन काढले. मुलाने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि, बहुधा मुलीने आधीच पढवून ठेवले असावे, आपल्या चुलत, मावस, आते आणि मामे भावंडांची नावे वयानुसार सांगायला सुरुवात केली.